परराष्ट्र धोरण आपलाही विषय!

बीड जिल्ह्यात जयंतीची व्याख्यानमाला ठरते तेव्हा विषयही ठरलेलेच असतात : संविधान, आरक्षण, धम्म. परराष्ट्र धोरण सुचवले की कार्यकर्ते हसून म्हणतात, "वकीलसाहेब, ते दिल्लीवाल्यांचे काम!"

बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १० ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे जाहीर केली. त्यात हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी मांडला. तोफेवर गेलेला रुपया वसतिगृहातूनच वजा होतो, हे ऊसतोड कामगाराच्या लेकराला वेगळे शिकवावे लागत नाही.

ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी विचारले, पंचशीलावर माओंचा विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना असे वागवले असते काय? १९६२ साली देशाला उत्तर मिळाले.

२००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून भारत सरकारने विरोध केला. तेव्हा आपलाच प्रश्न परराष्ट्र धोरण बनला होता! दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, १९७६ मध्ये चीनमध्ये राजदूत झाले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती.

बांधवांनो, दिल्लीच्या विद्यापीठांत या विषयावर पाहुणे वक्ते बोलतातच. यंदा अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या समित्यांनी एक सायंकाळ त्यासाठी राखावी. आपण गैरहजर राहिलो, तर आपल्या वतीने दुसरेच बोलतील.

जयभीम!