मेलमधला नुक्ता आणि आपला सौदा

भाव ठरण्यापूर्वी आपली गरज समोरच्याला कळू द्यायची नाही, हा व्यापाराचा पहिला धडा. वाशीच्या बाजारातले हापूसचे सौदे रुमालाखाली बोटे धरून होत, हे आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको. (त्याच रुमालामुळे ज्याचा माल त्यालाही भाव दिसत नसे, ही त्या पद्धतीतली खोट, पण तो विषय वेगळा.) कापडाच्या पेढीवर रुमाल नसतो. तरी जाणता बेपारी ताक्याचा पोत चाचपताना चेहरा कोरा ठेवतो. आज ई-मेलने आलेले कोटेशन उघडताना मात्र आपला चेहरा समोरच्याला दिसतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. हे कसे घडते, ते व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे.

ई-मेलशी आपला काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस गेले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि नोंदणीसाठी ई-मेलचा पत्ता द्यावा लागला. कित्येकांचा पत्ता तर कर सल्लागाराच्या कार्यालयातच तयार झाला. आता सुरत-भिवंडीची दरपत्रके, धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्याकडून गणवेशाच्या कापडाची चौकशी, पेणच्या मूर्तिकाराला परदेशातून येणारी विचारणा, हे सारे त्याच पत्त्यावर येते.

आता मूळ गोष्ट. मेलमध्ये दिसणारे प्रत्येक चित्र मेलसोबत आलेले असतेच असे नाही. पुष्कळदा मेलमध्ये फक्त त्या चित्राचा ठिकाणा लिहिलेला असतो. आपण मेल उघडला की आपला फोन त्या ठिकाणी जाऊन चित्र घेऊन येतो. ते ठिकाण पाठवणाऱ्याच्या ताब्यातले असते, आणि चित्र कोणी, किती वाजता मागितले याची तेथे नोंद होते. कोणत्या प्रकारच्या फोनवरून मागितले, साधारण कोणत्या भागातून मागितले, हेही पुष्कळदा कळते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये वेगळ्या क्रमांकाचा ठिकाणा घातला, की नेमके कोणी उघडले तेही समजले.

यासाठी मोठे चित्र लागत नाही. एक ठिपका पुरतो, तोही पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारा. त्याला ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून मला हा नुक्ता वाटतो. ‘खबर’ लिहिताना पहिल्या अक्षराचा नुक्ता वरून खाली आला, की वाचणारा ‘जब्र’ वाचतो. एवढ्याशा ठिपक्याची ताकद आम्हाला मास्तरांनी छडीने समजावली होती.

कोणी म्हणेल, पोहोच घेण्यात वाईट काय? रजिस्टर ए.डी.चे पत्र आले की पोस्टमन सही घेई. पण ती सही आपण जाणूनबुजून करीत असू, आणि पत्र मिळाले एवढेच त्यातून कळे. घरी नेऊन ते किती वेळा वाचले, हे नाही. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणाही निदान दोघांना ठाऊक असतात. आपण आपल्या बंद केल्या तर दुसऱ्याच्याही आपल्याला दिसत नाहीत, म्हणजे व्यवहार बरोबरीचा झाला. या ठिपक्यात बरोबरी नाही. एकाला सगळे दिसते, दुसऱ्याला ठिपकासुद्धा दिसत नाही.

यात नुकसान थेट पैशाचे आहे. मागे एका पुरवठादाराचे शर्टिंगचे कोटेशन मला आले. दुकान बंद केल्यावर रात्री मी ते तीनदा उघडून पाहिले. सकाळी त्यांच्या विक्री प्रतिनिधीचा फोन: “शेठ, काल रात्री बघत होतात ना? घ्यायचे असेल तर आजच सांगा, भाव हाच राहील.” मी विचारले, तुम्हाला कोणी सांगितले? म्हणाला, आमच्या कॉम्प्युटरवर दिसते. ज्याला आपली तीन वेळची नजर दिसली, तो मीटरमागे रुपया कशाला सोडील?

मोठमोठ्या कंपन्यांनीही असे प्रकार केले आहेत. ह्युलेट-पॅकार्ड, जिचे प्रिंटर आपल्याकडच्या दुकानांतही दिसतात, त्या कंपनीने संचालक मंडळातली बातमी कोण फोडतो हे शोधण्यासाठी एका पत्रकाराला असाच माग काढणारा मेल पाठवल्याचे 2006 मध्ये उघड झाले. त्या प्रकरणात अध्यक्षांना पद सोडावे लागले. 2019 मध्ये सुपरह्युमन नावाची अमेरिकन मेल सेवा पाठवणाऱ्याला दाखवत असे, की समोरच्याने मेल केव्हा आणि कोणत्या ठिकाणी उघडला. ओरड झाली तेव्हा त्यांनी ठिकाण दाखवणे बंद केले.

उपाय फुकटचा आहे. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये जावे. तेथे ‘जनरल’ या भागात ‘इमेजेस’ आहे. त्यात ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ निवडावे आणि खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नये. अँड्रॉइड फोनवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपले खाते उघडले की तेथेही ‘इमेजेस’ सापडते. डिसेंबर 2013 पासून जीमेल ही चित्रे गूगलच्या स्वतःच्या यंत्रांमार्फत आणते, त्यामुळे आपले गाव झाकले जाते. पण मेल उघडल्याची वेळ कळायची ती कळतेच. म्हणून सेटिंग बदलायचे. आयफोनच्या स्वतःच्या मेलमध्ये 2021 पासून ‘प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी’ आहे. तेथे आपण मेल उघडो वा न उघडो, फोन चित्रे आधीच आणून ठेवतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा हिसाबच चुकतो. थंडरबर्ड वापरणाऱ्यांना काही करावे लागत नाही; तेथे बाहेरची चित्रे मुळातच अडवलेली असतात.

सेटिंग बदलल्यावर काही मेल ओकेबोके दिसतील. आपल्या धंद्यात डिझाइन पाहिल्याशिवाय चालत नाही, हे खरे. पण ‘चित्रे दाखवा’ म्हटले की डिझाइनबरोबर ठिपकाही येतो. त्यापेक्षा पुरवठादाराला सांगावे, नमुन्याचे फोटो मेलला जोडून पाठवा. जोडलेला साधा फोटो आपल्याजवळ आलेला असतो, तो पाहायला कोणाच्या दारात जावे लागत नाही. मेलमधल्या निळ्या दुव्यांना मात्र हा बंदोबस्त लागू नाही. दुव्यावर बोट ठेवले की त्याची नोंद वेगळी होते.

आपल्यापैकी काहीजण आता स्वतःच गिऱ्हाइकांना सणासुदीच्या जाहिराती मेलने पाठवतात. ती सेवा देणारे लोक हा ठिपका बहुधा आपणहून घालतात. तो काढायला सांगावे. गिऱ्हाइकाचा पत्ता ही अमानत आहे. शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि परवानगी घेऊन माहिती वापरणे हा त्याचा गाभा आहे.

दुकानाचे एकच खाते मालकाच्या, मुलाच्या आणि हिसाब लिहिणाऱ्याच्या फोनवर चालू असेल, तर तिन्ही फोन आणि गल्ल्याजवळचा कॉम्प्युटर, सगळीकडे हे सेटिंग तपासून घ्यावे.