आडवा काप

घरी स्टेक सँडविच करायचं म्हटलं की लोक आधी पावाचा आणि चीजचा विचार करतात. माझ्या मते तो शेवटी करावा. या सँडविचचं बरंवाईट सुरीवर ठरतं: काप किती पातळ आहे आणि तो धाग्याच्या कोणत्या दिशेने घेतला आहे. आमच्या तळेगाव दाभाड्यात हे अधिकच खरं आहे, कारण इथल्या तव्यावर पडणारं मांस बहुधा कोवळ्या जनावराचं नसतं.

त्यामागे कायदा आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती. १९९५च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला वीस वर्षं लागली. मार्च २०१५मध्ये ती अमलात आली आणि वळू-बैलही बंदीत आले. म्हशी-रेड्यांची कत्तल चालते, पण जनावर दुधाच्या, पैदाशीच्या किंवा ओढकामाच्या उपयोगाचं उरलेलं नाही असा दाखला लागतो. तेव्हा खाटकाकडे ‘बीफ’ किंवा ‘मोठ्याचं’ म्हणून मिळतं ते म्हशीचं, आणि बऱ्याचदा आयुष्यभर दूध दिलेल्या जनावराचं. रंग गडद लाल, चरबी कमी आणि पांढरीशुभ्र. गाई-बैलांच्या चरबीला असते ती पिवळसर झाक इथे नसते.

वय वाढतं तसं स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन अधिक घट्ट होत जातं. ते विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला मंद आचेवर तासन्‌तास जावे लागतात. सँडविचचं मांस तव्यावर असतं दोन-तीन मिनिटं. तेवढ्या वेळात आच जे करू शकत नाही ते सुरीने आधीच करून ठेवायचं. मांसाचा तुकडा उजेडात धरून पाहिला की धागे एका दिशेने गेलेले दिसतात. त्यांना आडवं कापलं की वीतभर लांबीचा धागा दोन-तीन मिलिमीटरचा होतो आणि दातांना फारसं काम उरत नाही. धाग्याच्या दिशेने कापलं, तर तोच तुकडा सुंभासारखा चिवट लागतो. मांस तेच, तवा तोच. फक्त सुरीची दिशा बदललेली.

मांस पातळ कापण्याचं कौशल्य आपल्याकडे परदेशातून आलं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मराठवाड्यातल्या चान्या आठवाव्यात. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढून त्या दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि पुढच्या दिवसांसाठी भरून ठेवायच्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तिच्यात ही सगळी जुनी कारागिरी आहे. पट्टी जाड राहिली तर आतला ओलावा अडकतो आणि मांस नासतं. फार पातळ झाली तर फाटते. वजनकाटा नाही, यंत्र नाही, फक्त हाताला आलेला अंदाज. मराठी पाककलेच्या पुस्तकांनी पुरणपोळीच्या पातळपणावर पानंच्या पानं लिहिली. या हातांवर त्यांनी दोन ओळीही खर्च केल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या मांसाच्या मागे सक्ती होती हेही लिहिलं पाहिजे. मेलेलं जनावर ओढून नेणं गावाने ज्यांच्यावर लादलं, त्यांच्या वाट्याला ते मांस आलं. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते या सक्तीविरुद्ध, माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. सक्ती गेलीच पाहिजे होती. पण त्या सक्तीत राहून बायका-पुरुषांनी कमावलेलं सुरीचं ज्ञान वेगळं काढून जपावं असं आहे.

सँडविचच्या सर्वांत जवळचा मराठी-कोकणी नमुना मात्र गोव्यात सापडतो. तिथला कटलेट पाव म्हणजे बटाट्याचं सारण भरलेलं कटलेट नव्हे. बीफचा पातळ काप सुरीच्या पाठीने ठोकून आणखी पसरवतात, त्याला आलं-लसूण, हळद, तिखट आणि लिंबू किंवा व्हिनेगर लावतात, मग रव्यात घोळवून तव्यावर तळतात. कुरकुरीत काप पावात, सोबत कोबी आणि कांदा. संध्याकाळी गाड्यांवर हा पाव घ्यायला गर्दी असते. रव्यामुळे कापाचा रस आत राहतो आणि पाव ओला होत नाही. ठोकण्यामुळे उरलासुरला धागाही मोडतो. इतक्या कमी सामानात इतकी अक्कल मी फार थोड्या पदार्थांत पाहिली आहे.

अमेरिकेतही गोष्ट याच वाटेने गेली. शिकागोत इटलीहून आलेल्या गरीब कुटुंबांनी स्वस्त, चिवट भाग मंद भाजला, शक्य तितका पातळ कापला आणि त्याच्याच रश्श्यात भिजवून पावात घातला. फिलाडेल्फियात १९३०च्या सुमारास ऑलिव्हिएरी बंधूंनी पातळ काप तव्यावर परतून लांब पावात भरले. तेच पुढे चीजस्टेक म्हणून जगभर गेलं. कोरियाची बुलगोगीही पातळ, आडव्या कापांचीच. तिच्यात नाशपातीचा कीस घालतात, कारण त्या फळातले विकर मांस मऊ करतात. जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून तळेगावात कोरियाचं नाव रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून ही ओळख इथे मुद्दाम करून देतो.

आणि असे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचा मान रॉटरडॅमच्या एका खाटकाचा. विल्हेल्म व्हॅन बर्केल याने १८९८ साली मांस कापण्याचं पहिलं चालणारं यंत्र बनवलं. त्याआधी लोकांनी सरळ पातं वर-खाली करून पाहिलं होतं; त्याने मांस दबतं, कापलं जात नाही. बर्केलने स्वतःच्या हाताची हालचाल ओळखली: पातं दाबायचं नाही, ओढायचं. म्हणून त्याने गोल, आतून किंचित खोलगट पातं फिरतं ठेवलं आणि मांसाची गाडी त्याच्यासमोरून पुढे-मागे सरकवली. चाक फिरवलं की दोन्ही हालचाली एकदम होतात. आजच्या हॉटेलांतल्या विजेच्या स्लायसरमध्ये तत्त्व तेच आहे. चाकण-तळेगावच्या शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्या कुणालाही हे यंत्र दोन मिनिटं पाहून समजेल आणि आवडेल.

घरी स्लायसर लागत नाही. खाटकाकडून अंडरकट मागावा. तो महाग वाटला तर मांडीचा, एकाच दिशेचे धागे असलेला सलग तुकडा घ्यावा. पांढरा पापुद्रा सोलून काढावा आणि तुकडा फ्रीजरमध्ये तासभर ठेवावा. मांस उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागतं. पूर्ण दगड होऊ द्यायचं नाही, फक्त कडा घट्ट झाल्या पाहिजेत. मग लांब, ताजी धार लावलेली सुरी एका दिशेने ओढत धाग्यांना आडवे काप घ्यावेत. मांस जून वाटलं तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस अर्धा तास लावावा. रात्रभर ठेवलं तर कापांचा लगदा होतो.

काप फडक्याने कोरडे करावेत, कारण ओले काप भाजले न जाता उकडतात. लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवून थोडे थोडे काप टाकावेत, एकावर एक नकोत. कांदा आधीच वेगळा, मंद आचेवर तपकिरी करून ठेवलेला असावा. मीठ शेवटी. उरलेले कच्चे काप कागदाच्या थरांत पसरून फ्रीजरमध्ये ठेवले की पुढच्या वेळी सुरी हातात न घेता तवा तापवता येतो.