बंबवाल्याचीं मुलें : दया कीं ऋण ?

मध्यरात्रीच्या सुमारास गिरगांवच्या रस्त्यावरून घंटा वाजवीत बंब गेला, म्हणजे आपल्या घरांतलीं माणसें अंथरुणांत उठून बसतात. ‘कोठें लागली बरें ?’ असा एक प्रश्न होतो. आवाज दूर गेला कीं, ‘आपल्या बाजूला नाहीं’ असें म्हणून दिवा मालवला जातो. त्या बंबावर बसून गेलेल्या माणसांच्या घरीं त्या वेळीं कोण जागें असेल, हा विचार मात्र क्वचितच मनांत येतो. आज तोच विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईच्या अग्निशमन दलाच्या इतिहासांतील सर्वांत काळा दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि त्याच जहाजांत कापसाच्या गांठीही भरलेल्या होत्या. दुपारीं धूर निघूं लागला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, व त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. दलाचे ६६ जण त्या दिवशीं कामावर असतां मृत्यु पावले. त्यांचें स्मारक भायखळ्याच्या मुख्य ठाण्यांत आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस सगळ्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ही जुनी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. परंतु ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीस ‘गोकुळ निवास’ ही जुनी इमारत पेटली आणि दल आग विझवीत असतांनाच ती कोसळली. संजय राणे व महेंद्र देसाई हे दोन अधिकारी तेथेंच गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर व उपप्रमुख सुधीर अमीन हे भाजल्यामुळें त्याच महिन्यांत इस्पितळांत निवर्तले. गिरगांव-काळबादेवीचे लांकडी जिने अजून आहेत, आणि लालबाग-परळला गिरण्यांच्या जागीं गगनचुंबी मनोरे उठले आहेत. आगीशीं झुंजणाऱ्याचें काम दोन्हींकडे सारखेंच कठीण आहे.

अशा मृत्यूनंतर पहिले आठ दिवस घरीं पाय ठेवावयास जागा नसते. हार येतात, भाषणें होतात, मदतीचे आंकडे जाहीर होतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु जें मूल त्या दिवशीं दुसरींत असतें, त्यास शिकून आपल्या पायांवर उभें राहावयास पुढें पंधरा वर्षें लागतात. आणि समाजाचें लक्ष पंधरा दिवसांतच दुसरीकडे वळतें. एकरकमी आलेला पैसा कर्ज, म्हाताऱ्यांचें औषधपाणी व नव्या बिऱ्हाडाची अनामत यांतच पुष्कळदां संपून जातो; कारण नोकरीबरोबर मिळालेली जागा सामान्यतः नोकरीबरोबरच जाते.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना ही अडचण एकदम उमगणार नाहीं. आपल्याकडे धाकट्या भावाचें बरेंवाईट झालें, तर त्याचीं मुलें थोरल्याच्या पंगतीला बसतात. काका फी भरतो, आजी डबा बांधून देते, आणि पोरकेपणा निदान पाटीदप्तरापर्यंत पोहोंचत नाहीं. दादर-परळच्या चौघांच्या बिऱ्हाडांत असा काका कोठला ? आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या शहरासाठीं तो माणूस गेला, त्या शहरानेंच त्याच्या मुलांचा काका व्हावें.

वारसास अनुकंपेनें नोकरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि तिचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तींत एक पेंच मात्र आहे. ती नोकरी घ्यावी कोणीं ? आईचें शिक्षण अर्धवट राहिलेलें असलें, तर अठरा वर्षांचा थोरला मुलगा कॉलेज सोडून कामावर लागतो. थोरली मुलगी असली, तर तिच्या लग्नाची घाई होते. हातीं शिष्यवृत्ति असेल, तर पोट कीं पुस्तक ही निवड त्या घरावर येणार नाहीं.

आईच्या शिक्षणाचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला आहे. ११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन उघडलें, तेव्हां तेथें शिकावयास आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. त्यांचे बंधु नरहरपंत जोशी यांनीं लोकापवादाची पर्वा न करतां त्यांना तेथें घातलें. पुढें १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या घरांतून स्त्रीशिक्षणाचें केवढें कार्य उभें राहिलें, हें वाचक जाणतातच. म्हणून शिष्यवृत्ति मुलांपुरतीच असूं नये. आईस परिचारिकेचा वा शिक्षिकेचा अभ्यास पुरा करावयाचा असेल, तर पहिला हक्क तिचा.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें सुरू झालेली शिक्षणमदत १९९८ मध्यें अग्निशामकांच्या कुटुंबांसही लागू झाली. कर्तव्य करतांना मृत्यु पावलेल्याचा जोडीदार व मुलें या सर्वांना ती मिळते. मुलांना सामान्यतः वयाच्या २७ व्या वर्षापर्यंत.

आमच्या मतें अशा शिष्यवृत्तींत तीन गोष्टी पाळल्या जाव्या. पहिली, ती शेवटच्या परीक्षेपर्यंत चालावी. मग मूल वैद्यक शिको वा सुतारकाम. दुसरी, तिला गुणांची अट नसावी. ज्या वर्षीं बाप गेला, त्या वर्षीं मुलाचा नंबर खालीं गेला तर नवल काय ? हुशारीस बक्षीस देणें निराळें, आणि ऋण फेडणें निराळें. तिसरी, ती समारंभांत रांगेनें उभें करून देऊं नये. दरवर्षीं जूनपूर्वीं निमूटपणें आईच्या हातीं पडावी.

आपल्या घराण्यांत कोणी ना कोणी पूर्वज वारावर जेवून शिकलेला असतोच. सात घरांनीं आठवड्याचा एकेक वार पत्करला, म्हणून एक मुलगा शिकला. त्या घरांना तें दान वाटलें नाहीं. तो घरचा नेम होता, आणि सोमवारचें ताट सोमवारीं वाढलें जाई. गिरगांवच्या एका चाळीनें वा लालबागच्या एका उत्सवमंडळानें एका मुलाचें एक वर्ष असेंच पत्करलें, तर दुसरें वर्ष पत्करणारें कोणी तरी खास पुढें येईल. येत्या १४ एप्रिलला घरांतल्या कर्त्या माणसानें जवळच्या ठाण्यांत जाऊन एवढी चौकशी करावी : ‘आमच्या वाट्याला कोणतें वर्ष ?’