निळा घोडा आणि बालचित्रकला

मुलाने घोडा निळा रंगविला तर त्याला चूक म्हणावे की चित्र म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतील चित्रकलेच्या तासापुरता वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी अनुकरण आणि अभिव्यक्ती यांचा जुनाच वाद आहे. एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, निळा घोडा रंगविणाऱ्या चित्रकारावरील आपल्या चित्रपुस्तकात हा वाद मुलांच्याच हाती सोपविला. पुस्तकातील चित्रकार निळा घोडा काढतो. मागोमाग तांबडी मगर, पिवळी गाय, हिरवा सिंह, काळे ध्रुवीय अस्वल येते. मजकूर अगदी मोजका. हे पुस्तक वाचून दाखवावे आणि मग मुलांनी आपापल्या मनाच्या रंगाचा एकेक प्राणी करावा, असा उपक्रम त्यावरून शाळांतून घेतला जातो.

हा उपक्रम निव्वळ करमणुकीचा मानणे बरोबर नाही. कार्ल यांचा जन्म अमेरिकेतला, पण १९३५ साली त्यांचे आईवडील त्यांना घेऊन जर्मनीत श्टुटगार्टला परतले आणि त्यांचे शालेय जीवन नाझी राजवटीत गेले. तेथील क्राउस नावाच्या चित्रकला-शिक्षकांनी या विद्यार्थ्याला घरी बोलावून निषिद्ध ठरलेल्या आधुनिक चित्रांच्या प्रतिकृती दाखविल्या. त्यांत फ्रान्झ मार्कची चित्रे होती. मार्कने १९११ मध्ये निळा घोडा रंगविला. १९१६ मध्ये व्हर्दंच्या रणांगणावर तो मारला गेला. देशासाठी मेलेल्या या चित्रकाराचीही चित्रे १९३७ साली म्युनिकमध्ये ‘अधोगत कला’ म्हणून निंदेसाठी मांडण्यात आली. रंगाची निवड हा तेथे गुन्हा होऊन बसला होता.

भारतीय वाचकाला येथे पंचतंत्रातील निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा आठवेल. पण त्या कथेत निळा रंग हे सोंग आहे. कोल्हेकुई होताच ते उघडे पडते. मार्कच्या दृष्टीने निळाई हे प्राण्याचे अंतरंग होते.

कार्ल यांची पद्धतीही लक्षात घेण्यासारखी आहे. ते पातळ झिरझिरीत कागद आधी रंगवीत, वाळले की कापीत आणि तुकडे चिकटवून प्राणी घडवीत. मराठीत आपण ‘चित्रात रंग भरणे’ म्हणतो. या शब्दयोजनेतच रेषा हे भांडे आणि रंग हा त्यातील पदार्थ, अशी समजूत दडलेली आहे. या उपक्रमात क्रम उलटतो. मूल प्रथम रंगाशीच खेळते, कुंचल्याचे फटकारे आणि ठिपके उमटविते. त्या कागदातून कोणता प्राणी निघेल, हे नंतर ठरते. रेषेबाहेर रंग गेल्याबद्दल बोलणी खाण्याचा प्रसंगच येत नाही.

मात्र पुष्कळदा शिक्षकच घोड्याचा साचा कापून देतात आणि निळा कागदही तेच वाटतात. मग भिंतीवर तीस निळे घोडे ओळीने लागतात. तपकिरी घोड्यांच्या जागी निळे घोडे आले, एवढाच काय तो फरक. आज्ञा कायमच राहिली. ‘कोणताही चुकीचा रंग द्या’ ही सूचनाही तितकीच पोकळ, कारण तिच्यात निवडीला कारण उरत नाही. मगर तांबडीच का, असे विचारले असता मुलाजवळ काही उत्तर असावे, मग ते कितीही विक्षिप्त असो.

मराठीतून हे पुस्तक सांगताना एक सोय आपोआप होते. निळा घोडा, निळी घोडी, निळे शिंगरू: रंगाचे विशेषण प्राण्याचे लिंग स्वीकारते, आणि परका रंगही त्या प्राण्याचा होऊन जातो. इंग्रजीत ही जवळीक नाही.

आणखी एक गोष्ट या उपक्रमात सहसा राहून जाते, ती म्हणजे प्राणी पाहण्याची. कागद हाती देण्यापूर्वी मुलांना गोठ्यात, टांग्यापाशी, निदान अंगणातल्या मांजरापाशी थोडा वेळ बसवायला हवे. मार्कने प्राण्यांच्या शरीररचनेचा कसून अभ्यास केला होता आणि काही काळ ती शिकविलीही होती. त्याचा घोडा निळा आहे, पण त्याची मान खऱ्या घोड्याच्या मानेसारखीच झुकलेली आहे.