लेगोवर फिरवा तबकडी!

लेगोच्या ठोकळ्यांचं घर होतं, गाडी होते, डायनोसॉरही होतो. पण रेकॉर्ड प्लेअर? होतो की! हौशी मंडळींनी तो बनवलाय आणि त्यावर खरंखुरं गाणं वाजतंय. सुई आणि ती ज्यात बसते ते छोटंसं कार्ट्रिज तेवढं विकत आणायचं. बाकी रेकॉर्ड ठेवायची चकती, गिअर, सुईचा दांडा, सगळं ठोकळ्यांचं.

एलपी अमेरिकेत बाजारात आली १९४८ मध्ये आणि डेन्मार्कच्या लेगोने आजच्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं १९५८ मध्ये. म्हणजे दोघंही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचे!

खरा खेळ वेगाचा

एलपी मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या घेते. समजा, तुमची मोटर मिनिटाला ५०० फेऱ्या मारते. ८ दातांच्या गिअरने २४ दातांचा गिअर फिरवला की वेग एक तृतीयांश होतो. पुढे ८ दातांच्या गिअरने ४० दातांचा फिरवला की त्याचाही पाचवा हिस्सा. ५०० भागिले १५, उत्तर बरोबर ३३ १/३. कागदावर एकदम भारी! प्रत्यक्षात बॅटरी उतरते, सुई घासते आणि मोटर दमते. कानाला तर हे लगेच कळतं. मिनिटाला जेमतेम दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी गाणं अर्ध्या स्वराने चढतं. काळी एकमध्ये गाणारी गायिका थेट पांढरी दोनमध्ये, तेही घाईघाईत!

वेग तपासायला अॅपही नको. चकतीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, स्टॉपवॉच लावा आणि मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात.

दुसरी कटकट थरथरीची. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, ते हादरे सुईपर्यंत पोचतात आणि स्पीकरमधून घरघर येते. म्हणून शेवटच्या टप्प्यात गिअरऐवजी रबर बँडचा पट्टा लावायचा. शिवाय प्लास्टिकची चकती हलकी, त्यामुळे मोटरचा प्रत्येक झटका गाण्यात उतरतो. कुंभाराचं चाक जड का असतं, ते इथे कळतं. चकतीखाली कडेने सारख्या अंतरावर नाणी चिकटवली की फिरणं बरंच स्थिर होतं.

सुई जरा जपून

तबकडीच्या खाचेतल्या वळणांनी सुई थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज बनवतं. ही वीज बहुतेकदा काही मिलिव्होल्ट एवढीच, त्यामुळे स्पीकरच्या आधी फोनो प्रीअॅम्प लागतो.

सगळ्यात नाजूक काम सुईच्या वजनाचं. बऱ्याच कार्ट्रिजना दोन-तीन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. नेमका आकडा सोबतच्या कागदावर दिलेला असतो. दांड्याच्या मागच्या टोकाला ठोकळे लावून तराजूसारखा तोल साधायचा आणि छोट्या डिजिटल काट्यावर भार मोजायचा. जास्त झाला तर सुई खाच झिजवते, कमी झाला तर उड्या मारते.

इथे मात्र गंमत संपते. घरातल्या कपाटातली रेकॉर्ड पुन्हा मिळेलच असं नाही. त्यावरचं गाणं कुठल्याच अॅपवर नसेल, तर ते फक्त त्या खाचेतच आहे. म्हणून आधी जुन्या बाजारातली एखादी ओरखडलेली एलपी आणा आणि प्रयोग तिच्यावर करा. लाखेच्या जाड, ठिसूळ ७८च्या तबकड्या तर यावर लावूच नका. त्यांची खाच रुंद असते, सुईही वेगळी लागते.

दुकानातला प्लेअर ही सगळी भानगड पेटीत लपवतो. इथे सूर घसरला की बॅटरी बसली, रबर सैल झालं की तोल गेला, हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. त्यामुळे सुरुवात नुसत्या चकतीपासून करा. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या जमल्या की मग सुई आणा. आणि घरची रेकॉर्ड? ती सगळ्यात शेवटी.