मित्रासवे वेरूळ, अल्प खर्चात
ज्याच्याशी खर्चाचा हिशेब निःसंकोच मांडता येतो आणि ज्याच्या सहवासात मौनही अवघड वाटत नाही, असा जिवलग मित्र बरोबर असेल, तर वेरूळच्या सहलीस खाजगी मोटारीची मुळीच जरुरी नाही. छत्रपती संभाजीनगरहून सुटणारी एस.टी. पुरेशी आहे. सुमारे 30 किलोमीटरांच्या या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो आणि पुढे खुलदाबाद, जेथे 1707 साली निवर्तलेल्या औरंगजेब बादशहाची साधी कबर उघड्या आकाशाखाली आहे.

परंतु दिवसाचा मोठा भाग राखून ठेवावा तो वेरूळच्या कैलास मंदिरासाठी. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या अमदानीत, पाया घालून वर चढवलेले नव्हे, तर अखंड कातळ माथ्यापासून खाली कोरीत आणलेले हे मंदिर पाहताना एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याच्या दृष्टीस पडते. कैलास पर्वत हलवू पाहणाऱ्या रावणाचे शिल्प मला असेच, मित्राने हात धरून थांबवले म्हणून, मनसोक्त न्याहाळता आले. बौद्ध, हिंदू व जैन मिळून 34 लेणी एका दिवसात उरकण्याचा हव्यास मात्र धरू नये. शिदोरी घरचीच घ्यावी, सकाळची लवकरची गाडी धरावी आणि मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच निघावे.