अपघाताच्या बातमीत रस्ता कुठे असतो?

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांनी १५,२२४ माणसांचा जीव घेतला. दिवसाला एकेचाळीस-बेचाळीस. देशाचा त्या वर्षीचा आकडा १,६८,४९१ होता. यातले बहुतेक मृत्यू वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार-सहा ओळींत येतात आणि जिल्हा कुठलाही असो, ओळी साधारण त्याच असतात. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’, ‘भरधाव ट्रकची धडक’, ‘दुचाकीस्वार जागीच ठार’, ‘कुटुंबावर काळाचा घाला’. त्यांत खोटे काही नसते. तरीही वर्षानुवर्षे त्याच ओळी वाचून अपघात का होतात याविषयी आपल्या मनात काही समजुती घट्ट बसल्या आहेत, आणि त्या तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : बातमी म्हणजे घडले ते. शब्द कोणतेही वापरले तरी घटना तीच राहते.

एक प्रसंग कल्पू. राज्य महामार्गावर गावाचा फाटा आहे. अंधार पडल्यावर रस्ता ओलांडणारी एक बाई मोटारीखाली सापडून मरण पावते. मथळा असा देता येतो : ‘रस्ता ओलांडताना महिलेचा मृत्यू’. असाही देता येतो : ‘मोटारचालकाने महिलेला चिरडले’. आणि जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर असाही : ‘फाट्यावर तीन वर्षांत सहावा बळी; ना पथदिवा, ना गतिरोधक’. तिन्ही मथळे खरे असू शकतात. पहिल्यात चालक नाहीच. बाई रस्त्यावर आली आणि मेली, एवढेच उरते. दुसऱ्यात गुन्हेगार सापडतो आणि वाचकाचा राग त्याच्यापाशी थांबतो. तिसरा वाचणारा विचारतो, हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?

हा फरक संशोधकांनी मोजून पाहिला आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९९९ जणांना एकाच अपघाताची बातमी तीन वेगवेगळ्या रीतींनी लिहून वाचायला दिली होती. एकीचा भर पादचाऱ्यावर, दुसरीचा चालकावर, तर तिसरीत त्या भागातल्या आधीच्या अपघातांचा संदर्भ. पहिली बातमी वाचणाऱ्यांनी मेलेल्या माणसाला जास्त दोष दिला. दुसरी वाचणाऱ्यांचा दोषाचा रोख चालकाकडे वळला. संदर्भासह बातमी वाचणाऱ्यांना पादचाऱ्यांसाठी रस्ता सुधारणे हा उपाय अधिक पटला. मजकुरातला फरक थोड्याच वाक्यांचा होता.

‘हेल्मेट घातले नव्हते’ या वाक्याचेही तसेच आहे. हेल्मेट घातलेच पाहिजे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले सुमारे ५० हजार जण मेले. पण हेल्मेट डोके वाचवते, धडक टाळत नाही. ज्या बातमीत धडक कशी झाली हे नाही आणि हेल्मेट नव्हते एवढे मात्र आहे, तिने मेलेल्यावरच ठपका ठेवलेला असतो, बातमीदाराच्या मनात तसे नसले तरी.

गैरसमज : ही भाषा बातमीदाराची असते.

फार थोडी. तिचा उगम पोलीस ठाण्यात आहे. अपघाताच्या फिर्यादीतले ठरलेले वाक्य ज्याने वाचले आहे त्याला हे लगेच कळेल : आरोपीने ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ चालवले. तालुक्याचा वार्ताहर संध्याकाळी ठाण्यात फोन करतो, हवालदार फिर्याद वाचून दाखवतो आणि रात्री डेस्कवर येणाऱ्या मजकुरात तीच शब्दसंपत्ती उतरते. उपसंपादकाकडे पान सोडायला थोडाच वेळ असतो. तो दोन कॉलमांत बसेल असा मथळा करतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

फिर्याद अशी का लिहिली जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमे लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६ ही कलमे लागतात. या कलमांसाठी कोणीतरी हयगय केली असे म्हणावे लागते, आणि त्या जागी जिवंत, नाव-गाव असलेला माणूस लागतो. बहुधा तो चालक असतो. वळणाला चुकीचा उतार असेल, दुभाजक मध्येच तुटलेला असेल, पुलाचा कठडा रस्त्यात आलेला असेल, तर हे त्या वाक्यात बसत नाही. पोलीस आपले काम करत असतात. गुन्हा नोंदवण्यासाठी त्यांना जेवढे लागते तेवढे ते लिहितात. गुन्ह्याच्या नोंदीलाच अपघाताचे कारण समजण्याची चूक आपली, पत्रकारांची आणि वाचकांची आहे.

त्या वाक्यातला शेवटचा तुकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.’ म्हणजे रस्त्याला काही परिस्थिती असते, हे फिर्यादीत दरवेळी लिहिलेले असते. पण ती कोणी निर्माण केली हे येत नाही. चालकाने तिच्याकडे दुर्लक्ष केले, एवढेच येते.

कायद्याने रस्ता बांधणाऱ्याला पूर्ण मोकळे सोडलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या आराखड्याचे, बांधणीचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्याने मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. तरी तरतूद आहे, आणि अपघाताच्या बातमीत या कलमाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो.

गैरसमज : सरकारी आकडेच सांगतात की चूक चालकाची असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात सुमारे ७२ टक्के अपघात अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा आकडा बातम्यांत, भाषणांत आणि रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या फलकांवर पुन्हा पुन्हा येतो. पण तो तयार होतो पोलिसांनी भरलेल्या माहितीवरून, आणि तिच्या मुळाशी तेच फिर्यादीतले ‘भरधाव वेगात’ असते. मग फिर्याद आकड्याला आणि आकडा बातमीला आधार देतो.

वेग मारतो, याबद्दल वाद नाही. दारू पिऊन, उलट्या दिशेने किंवा मोबाइल कानाला लावून चालवणारे माणसे मारतात आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण वेग रस्त्यातूनही येतो. गावठाणातून सरळ, रुंद, गुळगुळीत चौपदरी रस्ता काढला आणि ओलांडायला काहीच सोय ठेवली नाही, तर तिथे काय होणार हे रस्त्याच्या आराखड्यावरच दिसत असते. त्याच अहवालात मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. पाचांपैकी तिघांहून अधिक. आपले महामार्ग ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून बांधले जात नाहीत, तीच ही माणसे.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये जे धोरण स्वीकारले त्याचा पाया असा आहे की माणूस चुकणारच; त्या चुकीची किंमत जीव असू नये, अशी व्यवस्था रस्ता बांधणाऱ्यांनी करायची. आपल्या बातम्यांची भाषा नेमकी याच्या उलट समजुतीवर उभी आहे.

गैरसमज : मोठ्या अपघाताच्या बातमीत तरी कारणांपर्यंत जातात.

कधी जातात, कधी नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. पहिले काही दिवस चर्चा टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, याचीच होती. सोबत ‘काळरात्र’ आणि ‘मृत्यूचा महामार्ग’ हे शब्द होतेच. असे शब्द जपून वापरायला हवेत. रस्ताच मृत्यूचा ठरवला की तो दैवाच्या खात्यात जातो आणि अभियंत्याच्या खात्यातून सुटतो. त्या अपघातानंतर तिथेच मंत्रोच्चारात महामृत्युंजय यंत्र बसवण्याचा प्रकार झाला आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्यावर आक्षेप घेतला. ‘काळाचा घाला’ ही नुसती जुनी शब्दकळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग आठवावा. मरण काळाने आणले असेल तर उपायही काळाला शांत करण्याचाच सुचणार. रात्रभर सरळ रस्त्यावर एका लयीत गाडी हाकणाऱ्या चालकाला थांबायला जागा किती आहेत, खासगी बसचालकाचे कामाचे तास कोण मोजते, बस उलटल्यावर प्रवाशांना बाहेर पडायला वाट असते का, हे प्रश्नही विचारले गेले. पण शोकाच्या मोठ्या मथळ्यांखाली ते दबले.

याच्या शेजारी ४ सप्टेंबर २०२२ ची बातमी ठेवून पाहा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. त्या बातम्यांत मागच्या आसनावर सीटबेल्ट लावला नव्हता हे आले, आणि पुलाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात, हेही आले. पुलाच्या कठड्याची छायाचित्रे छापून आली, रस्ता सुरक्षेचे जाणकार बोलले. मुंबई पोलिसांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मोटारीतल्या सर्वांना सीटबेल्ट सक्तीचा केला. पुण्यात १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरला पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हाही बातमी गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलापाशी थांबली नाही. जामिनाच्या अटीतला ३०० शब्दांचा निबंध, पोलीस ठाणे, ससून रुग्णालयातले रक्ताचे नमुने, इथपर्यंत वर्तमानपत्रे पोचली. म्हणजे कारणांचा पाठपुरावा कसा करायचा हे मराठी पत्रकारितेला उत्तम येते. फाट्यावर मेलेल्या शेतमजूर बाईच्या वाट्याला मात्र तो येत नाही.

गैरसमज : शब्द बदलून माणसे वाचत नाहीत.

नुसते शब्द बदलून नाहीच वाचत. पण शब्दांत किती ताकद असते, हे मोटारउद्योगाने फार पूर्वी ओळखले होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली वर्तमानपत्रे मोटारचालकांना मुलांचे मारेकरी म्हणत. इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी नोंदवले आहे की १९२४ च्या सुमारास मोटार उत्पादकांच्या संघटनेने वर्तमानपत्रांसाठी एक फुकट सेवा सुरू केली. बातमीदाराने अपघाताचा तपशील पाठवायचा, संघटना त्याची तयार बातमी करून देणार. त्या बातम्यांत चूक हळूहळू चालणाऱ्याकडे सरकली.

उलटही घडले आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. पत्रकार विक लांगेनहॉफ यांची मुलगी त्यांतली एक. त्यांनी १९७२ मध्ये ‘दे तैद’ या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि मथळ्यातच मागणी केली : मुलांच्या हत्या थांबवा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, गल्ल्यांमध्ये गाड्यांचा वेग बांधून घेतला, सायकलींसाठी वेगळे मार्ग मागितले. १९७३ च्या तेलटंचाईनेही हातभार लावला, हे खरे. पण गाड्या कितीतरी वाढूनही अलीकडच्या वर्षांत त्या देशात रस्त्यावरचे मृत्यू सातशेच्या आसपास असतात.

आपल्याकडे एवढे थांबायचीही गरज नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो टप्पा अपघातप्रवण ठरतो आणि तिथे दुरुस्ती करावी लागते. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वार्ताहराने ठाण्यात फोन केल्यावर आणखी दोनच प्रश्न विचारावेत : याच जागी आधी किती अपघात झाले, आणि रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे? उत्तरे बातमीला फार तर दोन ओळी जोडतील. तुमच्या वाटेवरच्या फाट्याची बातमी या दोन ओळींशिवाय छापून आली, तर संपादकांना पत्र लिहा, आणि तेच दोन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.